दोन खारींचा तपास

आधी जजताईंचे आभार, मग बाकीची हकिकत. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या घरचा हार-फुलांचा धंदा. रविवारी मात्र त्या चित्रांच्या पत्त्यांच्या स्पर्धेत निवाडा करायच्या. खेळाडू त्यांना जजताई म्हणत. इथे कुणाचंच नाव लिहायचं नाही, म्हणून मीही तेच म्हणतो. त्या नसत्या तर माझ्या हातून एक निर्दोष मुलगा आरोपी झाला असता.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. दहावीनंतर शाळा सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि बढत्या घेत उपनिरीक्षक झालो. घरापासून इतक्या लांब नोकरी करताना आपलं कोण आणि परकं कोण हे माहीत नसतं. मग माणूस सगळ्यांकडेच संशयानं बघतो. त्यात शिक्षण कमी, त्यामुळे पंचनाम्यात काही चुकीचं लिहिलं जाईल आणि साहेब हसतील, ही धाकधूक कायमची.

तो रविवार अजून मनातून जात नाही. दुपारी ठाण्यात फोन आला. आवाज तरुण होता. ‘जठारपेठेत एका हॉलमधी पत्त्यावर पैसे लावून राहिले. लवकर या, नाईतर पसार होतीन.’ ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली. दोन पंच बोलावले आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

हॉलमध्ये तीसेक पोरं टेबलांवर समोरासमोर बसलेली. मी दारातूनच ओरडलो, ‘पत्ते खाली! सगळे भिंतीला!’ खुर्च्या पडल्या, गोंधळ झाला. टेबलावर पैसा मात्र कुठेच नव्हता. सगळी पानं प्लास्टिकच्या कव्हरात, त्यावर प्राणी आणि राक्षस. हवालदार कानात म्हणाला, ‘साहेब, हे तं लेकरायचे पत्ते हायेत.’

मी परत फिरणार, तेवढ्यात मागे आरडाओरडा झाला. अमरावतीच्या एका खेळाडूनं दुसऱ्याचा हात धरला होता. तो हात अमरावतीवाल्याच्या बॅगेत होता.

‘चोर हाये साहेब! माह्या बॅगेतून डेक काढून राहिला.’

‘डेक माहाच हाये. यानंच उचलला.’

हा दुसरा मोर्शीकडचा, घरी संत्र्याची बाग. अकोल्यात स्पर्धेला पहिल्यांदाच आला होता. डेक म्हणजे खेळाडूनं स्वतः एकेक निवडून जमवलेली साठ पानांची गड्डी. या डेकमध्ये एक चमकणारं पान होतं, त्याची किंमत चांगल्या मोटरसायकलीएवढी. पहिली फेरी सुरूच झाली नव्हती, त्यामुळे कोणता डेक कोणाचा हे कोणीच पाहिलेलं नाही. दोघांची कव्हरंही सारखीच काळी.

दोघांना वेगळं करायचं, हा पहिला नियम. अमरावतीवाल्याला ऑफिसच्या खोलीत बसवलं. पान कुठून घेतलं, कधी घेतलं, सगळं घडाघड. मग हॉलमध्येच मोर्शीवाल्याकडे वळलो. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, ‘साहेब, गुन्हा नोका दाखल करू. माही सरकारी नोकरीत निवड झाली. चारित्र्य पडताळणी तुमच्याकडेच हाये. नाव आलं तं नोकरी गेली.’

झालं, माझा संशय पक्का. निर्दोष माणूस आधी गुन्ह्याची भाषा कशाला करील? ऑफिसच्या खोलीतून अमरावतीवाला ओरडला, ‘संत्र्याच्या पेट्या भर ना बे! तुले काय समजते यातलं?’ हवालदाराचं मत वेगळंच. ‘दोघायलेबी गाडीत घ्या. ठाण्यात पोपटासारखे बोलतीन.’

तेवढ्यात जजताई पुढे आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘काका, थांबा जरा. महागाचं पान तसंच राहू द्या. साधी दोन पानं काढू, त्याच्या जागी माही दोन घालू. मोजले तं साठच भरले पायजेत.’

‘त्यानं काय होणार?’

‘पाहा तं खरं.’

मी दोन्ही पंचांसमोर पानं बदलली, काढलेली पाकिटात बंद केली, वर सह्या घेतल्या. नंतर वाद नको.

आधी अमरावतीवाल्याला डेक दिला. त्यानं भराभर पानं उलटली, चमकणारं पान उजेडात धरलं, पुन्हा साठ मोजली. ‘बराबर हाये साहेब. माहाच.’

मग मोर्शीवाला. त्यानं चमकणाऱ्या पानावर नजरही टाकली नाही. पुढे गेला, थांबला, मागे आला. मान वर केली तेव्हा चेहरा बदलला होता. मघाशी पाया पडणारा तो पोरगा माझ्यावरच खेकसला.

‘माह्या दोन खारी कुठी गेल्या?’

‘कसल्या खारी?’

‘खारीचे चार पानं होते, दोनच हायेत. हे दोन भलतेच कोणं घातले? तुमी काढले का? पोलीस हात घालते का डेकमधी?’

एका चहाच्या भावात पाच मिळतील अशी ती पानं. पण खार नवीन पान ओढून आणते, तिच्याशिवाय त्याचा डेक पळत नाही, असं जजताईंनी सांगितलं. चोर किमतीचं पान सांभाळतो. धन्याला खारसुद्धा हरवलेली कळते.

पैसे लागलेच नव्हते, मग ती खोटी खबर दिली कोणी? आता मला तो फोन आठवला. ठाण्यात विचारून खबरीचा नंबर घेतला आणि तिथेच लावला. काहीच वाजलं नाही. फक्त अमरावतीवाल्याचा हात हळूच खिशावर गेला.

‘काढ,’ मी म्हणालो.

फोन थरथरत होता. मग सगळं बाहेर आलं. पोलीस आले की गोंधळ होईल, त्यात डेक उचलू, हा त्याचा बेत. गुन्हा दाखल झाला, पण नाव त्याचं लागलं. मोर्शीचा मुलगा पुढे नोकरीला लागला.

या खेळात पडणाऱ्यांना म्हणून सांगतो. स्पर्धा छोटी असली तरी आपल्या साठ पानांची यादी जजकडे आधी द्या. उठताना डेक हातात घ्या. आणि काही गेलं तर हात वर करून जजला बोलवा, दुसऱ्याच्या बॅगेत हात घालू नका, नाहीतर चोर तुम्हीच दिसाल. मी शिकलो ते एवढंच, की खबर ऐकताना खबर देणाऱ्याला काय मिळणार आहे, हे आधी विचारावं. मी ते शेवटी विचारलं.

एक गोष्ट मात्र अजून खुपते. पोलिसांची गाडी दारात आली म्हणून मालकानं तो हॉल पुन्हा दिला नाही. ‘पत्त्यांचा अड्डा’ असं नाव पडलं. आता ती पोरं जजताईंच्या दुकानामागे पत्र्याखाली, हारांच्या टोपल्या सरकवून खेळतात. ताई मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. उलट निवृत्तीनंतर मी खेळ शिकायला गेलो, तेव्हा माझा पहिला डेक त्यांनीच लावून दिला. ‘काका, पानं असे कोंबून पिसत नाईत,’ एवढंच म्हणतात.

शिकतोय अजून. नीट खेळता यायला लागलं, की त्या मालकाकडे जाऊन माझ्या नावावर हॉल मागणार आहे. दार सताड उघडं ठेवून, रस्त्यावरून दिसेल अशा पहिल्या टेबलावर हा निवृत्त पोलीस पत्ते खेळत बसेल. जजताई, तुमचं देणं मी असंच फेडणार.