डाव्या बटणाची ट्यूब

बापूसो मगदूम आमच्या प्रेसशॉपचा, म्हणजे पत्रा दाबून माल काढायच्या खात्याचा, सुपरवायझर. त्याचा हात जिभेआधी चालायचा. काम चुकलं की थोबाडीत बसलीच.

कामात सुधारणा कशी करावी, अशा परिषदांना आमचे साहेब दरवर्षी जातात आणि फुकटची बॅग घेऊन येतात. काय उजेड पाडतात, देव जाणे. यंदा बापूसोला धाडलं. कोल्हापुरातल्या हॉटेलात पडद्यावर एका कारखान्यातला अपघात दाखवला. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात बाहेर राहतात. तिथल्या कामगारानं वेग वाढवायला एक बटण बांधून टाकलेलं. त्याचा पंजा चेचला आणि पत्र्यावरून रक्त वाहिलं.

बापूसो जेवायलाही थांबला नाही. गळ्यातल्या बिल्ल्यासकट शॉपात घुसला. जिनेश नावाच्या पोराच्या प्रेसचं डावं बटण सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं होतं. बापूसोनं त्याला कॉलर धरून ओढला आणि अशी ठेवून दिली, की ओठ फाटला.

"हात तोडून घ्यायचा हाय व्हय रं?"

जिनेश रक्त थुंकला. "जास्त माल काढला म्हणून खंडेनवमीच्या पूजेला मला फेटा कुणी बांधला? तुमीच की! ह्या ट्यूबला कुंकू बी तुमीच लावलंसा. बघा, हाय अजून."

होतं.

बापूसोनं ट्यूब हिसडून तोडली आणि स्वतःचा गाल पुढं केला. "मार."

जिनेशनं मारली. अजिबात कसर ठेवली नाही.