नारळ फोडलेली तक्रारपेटी

परंडा तालुक्यातल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथं मुलींच्या सुरक्षिततेचा कार्यक्रम दरवर्षी होतो आणि दरवर्षी तसाच होतो. मुलींना सभागृहात कोंडायचं, मुलांना मैदानावर सोडायचं. पाहुण्याबाईंनी शाल-श्रीफळ घ्यायचं आणि मुलींना सांगायचं, सावध राहा, मान खाली घालून या, मान खाली घालून जा. ज्यांच्यापासून सावध राहायचं त्यांना कुणी काही सांगत नाही. ते बाहेर क्रिकेट खेळत असतात. फोटो मात्र झकास येतात.

गेल्या वर्षी या कार्यक्रमाच्या समितीत सुधारणेचं वारं शिरलं. सुधारणा म्हणजे तक्रारपेटी. समितीत एक बाई लागतेच, म्हणून मीही होते. पेटीला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. आणि टांगली कुठं, तर मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. "इथं कोण चिठ्ठी टाकंल, सर?" मी विचारलं. "मॅडम, तुमी लई शंका काढता," ते म्हणाले. मी खोबऱ्याचे तुकडे वाटायला घेतले. गप्प बसण्यात मी तरबेज आहे.

तरीही एक चिठ्ठी पडली. खाली नाव नव्हतं. काळ्या-पिवळ्या जीपचा ड्रायव्हर रोज पुढच्या सीटवर बसवतो आणि गिअर टाकताना मुद्दाम हात लावतो, एवढंच लिहिलेलं. पेटी उघडायचं काम माझ्याकडं होतं. मी ती चिठ्ठी नेऊन सरांच्या हातात दिली. वाटलं, ते पोलिसांना कळवतील. सरांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर, माइकवरून, सगळ्या शाळेपुढं ती वाचून दाखवली! वर म्हणाले, "नाव न्हाय, म्हंजे कुणाची बदनामी न्हाय. आपला कारभार पारदर्शक हाय." सोनारीच्या बाजूनं त्या जीपनं येणाऱ्या मुली मोजून पाच. पुढं कोण बसते, हे शाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक. सगळ्या माना एकदम नववीच्या रांगेकडं वळल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आलीच नाही. वडिलांनी तिची शाळा बंद केली होती. आठवड्यानं मी घरी गेले. तिची आई ज्वारी पाखडत होती.

"बाई, पोरगी खोटं बोलली व्हय?"

"नाही हो. खरंच लिहिलंय तिनं."

"मग ती घरात बसली अन् त्यो अजून जीप चालवतुया, ह्ये कसं?"

मुलगी आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

वर्ष संपताना समिती पुन्हा बसली. मी म्हटलं, मुलांना आत बसवा, जीपवाल्यांना बोलवा, पेटी कुठं हवी ते मुलींनाच विचारा. सगळ्यांनी शांतपणे चहा संपवला. पुढच्या वर्षी बॅनर मोठा करायचं ठरलं. अहवालात लिहिलं, त्या चिठ्ठीनंतर एकही तक्रार आलेली नाही, सबब कार्यक्रम यशस्वी.

त्याच दुपारी तिचं नाव पटावरून कमी करायचा कागद आला. नववीची वर्गशिक्षिका मीच. अहवालावर आणि या कागदावर, दोन्हींवर सही माझी आहे.