‘सॉरी डोना’वरची माणसं

किस्से साठायला कधी लागतात माहीत आहे? ते घडवणारी माणसं कमी व्हायला लागली की! माणसं होती तोवर एक किस्सा शिल्लक राहायचा नाही. संध्याकाळी तळ्याच्या धक्क्यावर कुणीतरी सुरू करायचं, दुसरा मध्येच तोडायचा, तिसरा म्हणायचा, "खोटं! मी होतो तिथे!" आणि किस्सा तिथल्या तिथे खर्च. आता खर्चच होत नाहीत. मुलीला फोनवर सांगायला गेले की ती सिॲटलहून म्हणते, "मॉम, यू टोल्ड मी धिस वन."

सांगितला असेल. पण तेव्हा तू हसली नव्हतीस ना!

म्हणून आज तुम्ही सापडलात. बसा. चहा होतोय.

मी चौथीत असताना बाबांना इकडे अमेरिकेत मशीनचे पार्ट्स बनवणाऱ्या फॅक्टरीत नोकरी लागली आणि आम्ही नागपूरहून थेट श्रूजबरीला आलो. तळ्याकाठची लहान लहान लाकडी घरं तेव्हा कुणाला नको असायची. त्यातलं एक बाबांनी घेतलं. हेच ते. तळ्याचं नाव इतकं लांबलचक आणि अवघड की आई त्याला आमच्या नागपूरच्या तळ्याचं नाव देऊन सरळ अंबाझरी म्हणायची. "अंबाझरीवर चालली का गं? स्वेटर घाल!"

शेजारी राहायचे हँक आणि डोना. हँक मूळचा कॅलिफोर्नियाचा, कार मेकॅनिक. मोठ्या माणसांना नावानं हाक मारायची नाही हा आईचा नियम, त्यामुळे ते हँककाका. आणि डोना आईला बहिणीसारखी वाटली, म्हणून डोनामावशी. काकाची बायको मावशी! अख्ख्या अमेरिकेत असं नातं फक्त आमच्याकडे असेल.

* * *

पहिला उन्हाळा, रविवारची सकाळ. आम्ही तिघं वंदनेला बसलो होतो. बाबांनी 'बुद्धं सरणं' म्हणायला तोंड उघडलं आणि शेजारून असा काही आवाज फुटला की भिंतीवरची तसबीर हलली. आई दचकून उठलीच. "अव माय! विमान पडलं का?"

विमान नव्हतं. हँककाकांच्या धक्क्याला एक बोट बांधली होती. चपट्या बुडाची, नारिंगी रंगाची. त्या रंगात चमकी मिसळलेली, उन्हात बघवत नव्हतं! मागच्या बाजूला मोटारीचं एवढं थोरलं इंजिन, तेही उघडं, वरून झाकण नाही काही नाही. दोन्ही अंगांनी चकचकीत एक्झॉस्ट पाइप आकाशाकडे तोंड करून उभे. असल्या बोटींना हॉट रॉड म्हणतात आणि त्यांच्यामागे दोरी बांधून माणसं पाण्यावर स्की करतात, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त आवाज कळत होता.

"काहून एवढा आवाज करून राहिला हा माणूस? जा, सांगा त्याला," आई म्हणाली.

बाबा पांढरा शर्ट इन करून, केस विंचरून तक्रार करायला गेले. जेवणाची वेळ टळून गेली तरी परत आले नाहीत. आले तेव्हा शर्टावर कोपरापर्यंत काळं ऑइल होतं आणि चेहरा असा, जसा मी नागपूर सुटल्यापासून पाहिला नव्हता.

आईनं विचारलं, "मग? काय म्हणाला तो?"

बाबा म्हणाले, "कार्बोरेटर!"

* * *

बोटीच्या मागे वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सॉरी डोना'. मी एकदा डोनामावशीला विचारलं, तुमचं नाव आहे ते ठीक, पण सॉरी कशाबद्दल?

मावशी भाजी चिरत होत्या. सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "एकदा सकाळी मी कामावर जायला निघाले. गाडीत बसले. चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. काहीच नाही. उतरून बॉनेट उघडलं."

"मग?"

"आत इंजिनच नव्हतं."

* * *

इथे नियम असा की स्कीच्या बोटीत चालवणाऱ्याशिवाय आणखी एक जण पाहिजे. त्यानं पाठमोरं बसून मागच्या माणसावर नजर ठेवायची, तो पडला की ओरडायचं आणि झेंडा वर करायचा. ते काम माझं. माझं सगळं लहानपण मी असं उलटं बसून काढलं. कुठे चाललोय ते कधी दिसलं नाही. काय मागे पडत चाललंय तेवढं मात्र अगदी स्पष्ट दिसायचं.

बाबा पहिल्यांदा स्कीवर उभे राहिले तो दिवस. हँककाकांनी एकच सूचना दिली होती, "विलास, पडलास की दोरी सोड. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल!"

बाबा उभे राहिले. साधारण श्वास घेण्याइतका वेळ उभे राहिले. मग पडले, आणि दोरी सोडलीच नाही! मी झेंडा वर करून किंचाळतेय, "पडले! पडले!" बाबा पाण्याखालून येतायत, मध्येच एक कोपर वर, मध्येच एक पाय. हँककाकांनी बोट थांबवेपर्यंत बाबांनी अर्धं तळं आतून पाहिलं.

वर ओढून घेतल्यावर हँककाका ओरडले, "दोरी का नाही सोडलीस?"

बाबा खोकत खोकत म्हणाले, "हाताला आलेली गोष्ट सोडायची सवय नाही आमच्याकडे!"

पुढच्या रविवारी ते तळ्याच्या टोकापर्यंत उभ्यानं गेले. मी उलटी बसून पाहत होते. फॅक्टरीत कुणाशी न बोलणारा माझा बाप एका हातानं दोरी धरून दुसरा हात हवेत हलवत होता. काठावर कुणीही नव्हतं. तरी हलवत होता.

* * *

आईचा किस्सा तर सांगायलाच हवा. आई ड्रायव्हिंग टेस्टला सारखी नापास व्हायची. वळताना समोर कुणी आलं की ती स्टिअरिंग सोडून हात जोडायची! गाडी नाही म्हणजे दिवसभर घरात. बाबा फॅक्टरीत, मी शाळेत, बोलायला कुणी नाही. खिडकीत बसून ती बदकांशी नागपुरीत बोलायची. मी शाळेतून आले की ऐकू यायचं, "काय बाप्पा, आज लवकर निघाले तुम्ही?"

एका दुपारी डोनामावशींनी तिला ओढून बोटीत बसवलं. तेही चालवायच्या सीटवर! पातळ, अंगात स्वेटर, वरून लाइफ जॅकेट. मावशींनी फक्त दाखवलं, हे पेडल, हे स्टिअरिंग. आईनं पेडल दाबलं.

'सॉरी डोना' नाक वर करून अशी सुटली की धक्क्यावरच्या खुर्च्या पाण्यात गेल्या. डोनामावशी आधी किंचाळल्या, मग हसायला लागल्या, मग दोघीही हसायला लागल्या. मी मागे बसलेले. आईचा पदर माझ्या तोंडावर फडफडत होता.

तळ्यावरच्या गस्तीच्या बोटीनं गाठलं शेवटी. ऑफिसर जवळ आला. "मॅडम, केवढा स्पीड हा! तुम्हाला थांबता येत नाही का?"

आईनं आयुष्यातलं पहिलं सलग इंग्लिश वाक्य बोलून दाखवलं, "सर, देअर इज नो ब्रेक!"

खरंच होतं. बोटीला ब्रेक नसतोच. त्यालाही हसू आलं, वॉर्निंग देऊन सोडून दिलं. परत येताना आई मला म्हणाली, "हे बरं आहे. मध्ये मध्ये माणसं येत नाहीत."

घरी आल्यावर मात्र ती पुन्हा खिडकीत जाऊन बसली. माणसं यावीत म्हणून ती किती झुरत होती ते मला माझी मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा कळलं. आता खिडकीत मी असते. बदकंही पुष्कळ आहेत.

* * *

एकेक करून सगळे गेले. आधी डोनामावशी, मग आई. हँककाकांना त्यांचा मुलगा फ्लोरिडाला घेऊन गेला. बोट कुणीतरी ट्रेलरवर घालून नेली. बाबा त्या दिवशी बाहेर आले नाहीत, बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते.

मग दर रविवारी फोन. दोघांनाही नीट ऐकू यायचं नाही. हँककाका गुडघ्याबद्दल बोलायचे, बाबा एक्झॉस्टबद्दल. फोन ठेवला की दोघंही खूश.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. मी काकांना कळवलं.  ते म्हणाले, "ओके, मित्रा." माझं नाव संघमित्रा, त्यांना एवढंच जमायचं. मराठीत आपण कुणालातरी काय म्हणून हाक मारतोय हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन वाजला. "विलास आहे का घरी?"

 मनात म्हटलं, झालं, काका विसरायला लागले. मी हळूच म्हणाले, "काका, बाबा गेले ना. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पण रविवारी दुसऱ्या कुणाला फोन करतात ते मला माहीत नाही."

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "मग मला सांगा." त्यांनी मला एका इंजिनाचं काहीतरी सांगितलं, पुष्कळ वेळ. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. बाबा म्हणायचे तसं मध्ये मध्ये "राइट, राइट" म्हणत राहिले.

* * *

हँककाकांचं घर आता पुण्याच्या एका जोडप्यानं घेतलंय. केदार आणि त्याची बायको, दोघंही आयटीत, वर्क फ्रॉम होम. गोड आहेत. जुनं घर पाडून मोठं बांधलं, काठावर दोन कयाक ठेवल्यात. कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची निमुळती होडी. चालली की पान पडल्याइतकाही आवाज होत नाही.

गेल्या महिन्यात त्यानं कॉफीला बोलावलं. डेकवर बसलो. जिथे डोनामावशी भाजी चिरायच्या, बरोबर तिथे. समोर पाणी, हलत नव्हतं.

केदार म्हणाला, "काकू, यू नो, आम्ही एवढी घरं पाहिली, वेस्ट विंडसर, पिस्कॅटवे, सगळीकडे ट्रॅफिकचा आवाज यार! इथे आलो आणि लगेच ऑफर देऊन टाकली. किती शांत आहे ना इथे! आधीपासून असंच होतं का?"

मी म्हटलं, "कॉफी छान झालीय."

* * *

आता हा एकच. हा मी फारसा कुणाला सांगत नाही, मुलीलासुद्धा सांगितलेला नाही.

आजी गेली त्या वर्षी आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, उन्हाळ्यात इकडे आले होते. नागपुरातल्या मिलमधून रिटायर झालेले. मिलमध्ये लागायच्या आधी ते भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात राहायचे. त्या गावाला मोठं तळं होतं म्हणे. मला किस्से ऐकायचं वेड. मिलचे, संपाचे, सभांचे किस्से त्यांनी ढिगानं सांगितले. त्या तळ्याचा मात्र एकही नाही.

त्यांना इंग्लिश येत नव्हतं, हँककाकांना मराठी येत नव्हतं. आजोबा सकाळी कुंपणाशी जाऊन "जय भीम" म्हणायचे. काकांना वाटायचं हेच आमचं गुड मॉर्निंग. तेही टोपी काढून म्हणायचे, "जय भीम, सर!" मग दोघं इंजिनाशेजारी खुर्च्या टाकून बसायचे, न बोलता.

एके दिवशी काकांनी त्यांना बोटीतून न्यायचं ठरवलं. पांढरा शर्ट, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट, आजोबा पुढे काकांशेजारी ताठ बसले. बाबा आणि मी मागे. काका इतकी सावकाश बोट चालवत होते की 'सॉरी डोना'लाच लाज वाटली असेल.

तळ्याच्या अगदी मध्यावर आजोबांनी हात वर केला. काकांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

आजोबांनी बाबांना विचारलं, "हे तळं कोणाचं आहे?"

बाबांनी इंग्लिशमध्ये विचारलं. काकांना प्रश्नच समजला नाही. "कोणाचं म्हणजे? कोणाचंच नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे, सगळ्यांचं."

बाबांनी मराठीत सांगितलं. 

आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. बोटीच्या कडेवरून वाकले, दोन्ही हात पाण्यात घातले, ओंजळ भरली आणि प्यायले.

"नो, नो, नो, सर!" हँककाका ओरडले. "विलास, सांग त्यांना! त्यात पेट्रोल आहे, बदकांची घाण आहे, आजारी पडतील ते!"

बाबांनी त्या दिवशीचं प्रत्येक वाक्य भाषांतर करून सांगितलं होतं. हे एक सांगितलं नाही.

आजोबांनी दुसरी ओंजळ भरली. तीही प्यायले. मग बाबा वाकले, आणि प्यायले. मग माझ्याकडे पाहिलं. मीही प्यायले. गार होतं, आणि खरंच पेट्रोलचा वास येत होता.

काका आमच्या तिघांकडे पाहत राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

आजोबांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, चष्मा लावला, पुन्हा ताठ बसले आणि बाबांना म्हणाले,

"आता जोरात घे म्हणावं त्याला."