भिंगरीचे जुने बूट

धुलाई कारखान्यात चादरी पिळणाऱ्या त्या बाईला सगळे भिंगरी म्हणत. फुटबॉल खेळताना चेंडू पायाशी आला की ती जागच्या जागी गर्रकन वळायची आणि समोरची नुसती बघत राहायची. दोन लेकरं झाली, कंबर भरली, पण ते वळणं काही सुटलं नाही.

यंदा मुकादमाने कारखान्याच्या संघाला नवे बूट आणले. तळाला लांब खुंट्या होत्या आणि मैदानावरच्या दाट गवतात त्या रुतून बसत. सरावात भिंगरी वळली, बूट वळला नाही, आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

सामन्याला ती आपले खुंट्या झिजलेले जुने बूट घालून आली. नवे असताना तिने ते भिजवून, चादरी पिळता पिळता पायातच वाळवले होते. आता ते कातडीसारखे बसत.

मुकादम म्हणाला, "सगळ्यांचे बूट सारखे दिसले पाहिजेत. नाहीतर बाकावर बसा."

"आपण दिसायला आलोय की खेळायला?"

गोल राखणारी नणंद कुजबुजली, "वहिनी, घाला ना. संघातली जागा जाईल."

"जागा पुन्हा मिळवीन गं. गुडघा कुठून आणू?"

तिने नवे बूट बाकावर नीट शेजारी शेजारी ठेवले. "हे बसतील तुमच्याजवळ," असं मुकादमाला सांगून ती मैदानात गेली.

मुकादमाने भिंगरीच्या जागी राखीव खेळाडूला उठायला सांगितलं. ती खाली मान घालून बुटाची नाडी बांधू लागली. एक गाठ झाली, सोडली, पुन्हा बांधली. सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली तरी तिची नाडी बांधून झाली नव्हती.