मिटलेल्या डोळ्याचं माप

आमच्या घरात पापण्या लांब. माझ्या आईच्या होत्या, माझ्या आहेत, पोराच्या आल्या नाहीत आणि नातीच्या आल्या. लांब, पण सरळ. वर वळायचं नाव नाही, बैलासारख्या खाली झुकलेल्या. तरुणपणी मला त्या पापण्यांचा लय तोरा होता. नातीला मात्र त्यांचा जाचच झाला. ती पालमला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, डोळ्यावर चष्मा. डोळा मिचकावला की पापणी काचेला घासायची आणि काच तेलकट व्हायची. घडीघडी ओढणीनं पुसायची. चष्मा नाकावर खाली ओढून बसली की संध्याकाळी डोकं धरूनच घरी यायची.

एका सकाळी ती आरशासमोर कैची घेऊन उभी दिसली.

"काय करायलीस?"

"टोकं कापायलेय. वैताग आलाय मला."

"आपल्या घरात पापणीला कुणी कैची लावली न्हाई."

"आपल्या घरात कुणाला चष्मा पण न्हवता, आबा."

मी कैची काढून घेतली आणि फळीवर ठेवली. तिनं सांगितलं की पापण्या वर वळवायचा चिमटा मिळतो, त्याला कर्लर म्हणतात. तो तिनं मोबाईलवर मागवलाही होता, पण लावला की कडेची चामडी चिमटीत सापडायची. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल डाग दाखवला मला. चिमटा हातात घेऊन बघितला. लहान होता. तिचे डोळे मोठे आणि जरा बाहेर आलेले, माझ्यासारखेच.

"माप न देता मागवलं तर असंच व्हायचं," मी म्हणलो.

"याला माप नसतंय, आबा. सगळ्यांना एकच येतंय."

हे ऐकून माझं टाळकं फिरलं. मी चाळीस वर्षं बैलांच्या खुरांना पत्र्या, म्हणजे नाल, मारल्या. शाळा दुसरीपर्यंत, पण चार तालुक्यांतले बैल माझ्या हाताखालून गेले. खूर दुभंगलेला, म्हणून एका बैलाला आठ पत्र्या, आणि एकाच बैलाच्या उजव्या पायाची डाव्याला बसत नाही. मग सगळ्या बाईमाणसांच्या डोळ्याला एकच चिमटा कसा बसंल?

"मी आणतो," मी म्हणलो. "परभणीहून. माप घेऊन."

"रविवारपर्यंत वाट बघते. न्हाई बसला तर कापणार. मग मधी बोलायचं न्हाई."

खरं सांगायचं तर चिमट्याशी मला काही घेणंदेणं नव्हतं. ट्रॅक्टर आल्यापासून माझ्याकडे मापासाठी कुणी आलं नव्हतं. आणि त्या पापण्या माझ्या आईच्या होत्या. तिचा एक फोटोसुद्धा नाही आमच्याकडे.

बाजेवर पडलेल्या नातीला म्हणलं, डोळे मीट. वायरीतून तांब्याची बारीक तार सोलली आणि तिच्या पापणीच्या मुळाशी हळूच टेकवून वाकवली. ती हसत होती, त्यामुळं तार दोनदा हलली. तिसऱ्यांदा माप नीट आलं. तार कागदात गुंडाळून खिशात ठेवली आणि शुक्रवारी सकाळची एसटी धरली.

परभणीच्या बाजारात पहिल्या दुकानात दोन पोरं होती. मी तार दाखवली, तशी एकमेकांकडे बघून तोंड दाबून हसली. एक म्हणाला, "बाबा, कुणासाठी? तुमच्यासाठी?"

"माझ्या पापण्या तुज्यापेक्षा चांगल्या हायत," मी म्हणलो आणि दुकानाच्या पायऱ्या उतरलो.

दुसऱ्या दुकानात एक पोक्त बाई बसली होती. तिनं खोकं समोर ठेवलं. लोखंडी, प्लास्टिकचे, गुलाबी, काळे, सगळे चिमटे. मी एकेकाच्या तोंडावर तार लावून बघायला लागलो. मागं गिऱ्हाईक थांबलं होतं. थांबू दे.

"काका, तुमच्या नातीचे डोळे कसे हायत? खोल का बाहेर?"

"माप आणलंय ना मी."

"माप राहू द्या. डोळे बाहेरचे असले तर जास्त गोल तोंडाचा न्या."

"बाई, तार खोटं बोलत न्हाई."

तिनं खोकं माझ्याकडं सरकवलं. मी सपाट तोंडाचा एक निवडला. तार त्याच्यावर अशी बसली की मधून केस जाणार नाही. बाई म्हणाली, "डोळ्याला लागलेली वस्तू परत घेत न्हाई आमी." मी म्हणलो, परत आणायची वेळच येणार नाही.

घरी आल्या आल्या नातीनं चिमटा लावला आणि "आई गं" करून सोडला. मधोमध चामडी दाबली गेली होती, आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या पापण्या चिमट्यात आल्याच नव्हत्या. चिमट्याच्या रबरावर तीन केस चिकटलेले. लांब.

"तुजा हात चुकायलाय," मी म्हणलो.

तिनं परत लावला. परत तेच. मग डोळा चोळत ती शांतपणे म्हणाली, "आबा, एक विचारू? बैलाच्या खुराचं माप तुमी कधी घ्यायचे? पत्री मारायला बैल पाडल्यावर का उभा असताना?"

उभा असतानाच. अंगाचा भार पायावर आला की खूर पसरतो, तेच खरं माप. पाडलेल्या बैलाचं माप घेणाऱ्याला मी सगळ्यांसमोर अडाणी म्हणलेलो आहे. आणि ही पोर बाजेवर पडलेली, डोळे मिटलेले, पापणी सैल सुटलेली, तसं मी तिचं माप घेतलं.

मी उठलो, दुसरी तार सोलली. "खुर्चीवर बस. डोळे उघड. खाली माझ्या पायाकडं बघ." ती हसली नाही या वेळेला. तार वाकली. कागदावर दोन्ही तारा शेजारी ठेवल्या तर दुसरी चांगलीच गोल. दुकानातली बाई बरोबर होती, आणि याचाच मला जास्त राग आला.

शनिवारी परत एसटी. निघताना फळीवरची कैची माझ्या पिशवीत टाकली. रविवार एकच दिवसावर होता आणि मला कुणाचा भरोसा नव्हता, माझाही नव्हता.

बाईनं मला ओळखलं. खोक्यातला गोल तोंडाचा चिमटा काढून समोर ठेवला. मी तार लावली नाही. तसाच घेतला. मग दारातून माघारी वळून तार लावून बघितली. बसली.

नातीनं रविवारी सकाळी लावला. चामडी धरली नाही. पापण्या वर गेल्या, चष्मा घातला, मिचकावून बघितलं, काच साफ. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दुपारपर्यंत परत खाली येतील, आबा. सरळ केस हाय आपला. रोज लावावा लागंल."

आल्याच खाली. दुपारी ती पुन्हा ओढणीनं काच पुसत होती. एवढी दोन वेळा वणवण करून अर्ध्या दिवसाचा गुण. मी चिडून अंगणात जाऊन बसलो. पण सोमवारी दुकानाला जाताना चिमटा तिच्या पर्समध्ये होता, जेवणाच्या सुट्टीत परत लावायला.

कैची अजून माझ्या पिशवीत आहे. तिनं मागितलेली नाही.