सरांच्या खात्यावरचं पुस्तक

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालय समितीचे अध्यक्ष वाणिज्य विभागाचे प्राध्यापक होते. एका बैठकीत मी वार्षिक अहवाल मराठीत वाचायला लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "रिपोर्ट इंग्लिशमध्ये आणा. की आमच्या ग्रंथपालांना फक्त धूळ झटकता येते?" सगळे हसले. मग त्यांनी देवघेवीचे आकडे दाखवले. मुलींनी पुस्तकं नेणं जवळजवळ थांबलं होतं. "वाचत कोणी नाही. वाचनकक्षाचा सेमिनार हॉल करू."

त्या दिवसापासून मला वाचनकक्ष वाचवायचा होता, आणि त्याहून जास्त या माणसाला खाली बघायला लावायचं होतं. खरं सांगायचं तर दुसऱ्या इच्छेनेच मी कामाला लागलो.

आकडे खोटे नव्हते. पण दुपारी बसची वाट पाहणाऱ्या मुलींनी वाचनकक्ष भरलेला असायचा, हेही मी रोज बघत होतो. मी मुलींना सांगितलं, वाचून झालं की पुस्तक कपाटात ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं मोजून मी टिपून ठेवायचो. स्पर्धा परीक्षा, नर्सिंग, कायदा. घरी एकही जात नव्हतं आणि टेबलावर ढीग पडत होता.

फुलसावंगीच्या बसने येणाऱ्या एका मुलीला शेवटी विचारलं, "काहून नेत नाही गं घरी?"

"सर, पुस्तक घेतलं का बाबाच्या मोबाइलवर मेसेज जाते ना. पुस्तकाच्या नावासकट." तिच्यापुढे पोलीस भरतीचं पुस्तक होतं. "घरी लग्नाचं चालू आहे. हे नाव वाचलं तर उद्यापासून कॉलेजच बंद."

नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून असे मेसेज जात होते, आणि प्रवेशाच्या वेळी बहुतेक मुलींनी वडिलांचाच नंबर दिलेला होता. मुलींना पुस्तकं हवी होती, पण ती कोणाला कळू न देता वाचायची होती. एवढं कळणं मला जिंकायला पुरेसं होतं.

पण माझं पोट भरलं नाही. पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी अध्यक्ष सरांचं ग्रंथालयातलं खातं उघडलं. इंग्रजी बोलायला शिकवणारं एक पुस्तक त्यांच्या नावावर होतं, पुन्हा पुन्हा मुदत वाढवून घेतलेलं. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

बैठकीत मी टेबलांचा हिशेब मांडला, कोणाचं नाव न घेता मेसेजचं कारण सांगितलं. प्राचार्यांनी मान डोलावली. "वाचनकक्ष राहील. मेसेज बंद करा." विषय तिथेच संपला होता. लोक खुर्च्या मागे सरकवत होते.

तेव्हा मी म्हणालो, "सर, तुमच्याकडचं ते इंग्रजी बोलायचं पुस्तक आता परत करा. मले बी शिकायचं आहे."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग इतिहासाच्या प्राध्यापकांना हसू आवरेना, आणि त्यांच्यामागे सगळे हसले. सर उभे होते ते परत बसले. "माह्यासाठीच नेलं होतं," ते हळूच म्हणाले. त्यांना आमच्या बोलीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांच्या त्या चेहऱ्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाटायला हवं, हे कळतं.

चहाच्या सुट्टीपर्यंत गोष्ट कँटीनमध्ये पोचली होती. दुपारी ती मुलगी काउंटरवर आली.

"सर, माह्या नावावर काय काय आहे, ते पुसता येते का?"

"तुझ्या नावावर काहीच नाही. मी फक्त पुस्तकं मोजतो, नावं नाही लिहीत."

"पण तुम्हाले माहीत आहे ना."

"मी कायले सांगू कोणाले?"

सरांचं तरी मी कायले सांगितलं होतं? तिने दप्तर उचललं आणि निघून गेली.

मेसेज आता जात नाहीत. वाचनकक्ष चालू आहे, त्याचं श्रेय अहवालात माझ्या नावावर आहे, आणि तो अहवाल मराठीतच आहे. ती मुलगी दुपारी बसस्टँडच्या बाकावर बसते. कुठून तरी जुनं पुस्तक विकत आणलंय, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय. घरी जेवायला जाताना मला तिथूनच जावं लागतं. मी दिसलो की ती पुस्तक मिटून मांडीवर उलटं ठेवते आणि मी पुढे जाईपर्यंत रस्त्याकडे बघत राहते.