डाव्या टाकीचा आवाज

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. बायकोने गाडीला लिंबू-मिरची बांधली की मी काढून टाकायचो आणि मग दोन दिवस अबोला. मी विमान चालवायला शिकवतो. काटा काय दाखवतो ते बघायचं, बाकी सगळं मनाचे खेळ... असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलोय.

आमचा छोटा फ्लाइंग क्लब संभाजीनगरला, चिकलठाण्याच्या विमानतळावर. (क्लबचं नाव लिहीत नाही.) तिथे विमानात तेल भरायला किसनमामा होते. त्यांची एक सवय होती – तेल भरून झालं की पंखावर बोट वाकवून टकटक करायची. पंखातली टाकी भरलेली असेल तर आवाज येतो ‘ठप्प’, रिकामी असेल तर ‘ठण्ण’. मी चिडवायचो, “मामा, लग्नात ढोलकी वाजवायला जात जा, चार पैसे मिळतील.” ते नुसते हसायचे.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते म्हणाले, “साहेब, उजवीचा आवाज पोकळ येतोय. काठी घालून पाहा एकदा.” टाकीत मोजपट्टीची काठी घालायला मिनिटसुद्धा लागत नाही. पण मला घाई होती आणि काटा अर्धी टाकी दाखवत होता. वाळूजच्या पुढे, अगदी खालून उडताना इंजिन बंद पडलं; खटका फिरवून ते डाव्या टाकीवर घ्यायलाही वेळ मिळाला नाही. विमान कसंबसं एका रिकाम्या शेतात उतरवलं. मला आणि सोबतच्या विद्यार्थिनीला काही झालं नाही, पण चौकशी लागली. त्यात मी लिहून दिलं – ‘टाकी भरलेली आहे असं किसन यांनी सांगितलं.’

एवढी एकच ओळ. मामांची नोकरी गेली. ते भांडलेसुद्धा नाहीत. माझं लायसन्स वाचलं. मनाला समजवायला कारणं भरपूर होती – घराचे हप्ते, पोरांची शाळा. त्यांनाही घर होतं, हे मी मनात येऊच दिलं नाही.

आता मूळ गोष्ट. गेल्या मे महिन्यात मी जळगावहून एकटाच परत येत होतो. अजिंठ्याच्या डोंगरावर वळवाचे काळे ढग दिसले म्हणून लांबून वळसा घातला आणि तिथेच चुकलो. धुळीमुळे खालचं काही दिसेना. नकाशाचा टॅब उन्हाने तापून बंद पडलेला, रेडिओवर नुसती खरखर. होकायंत्र होतं, पण आपण कुठे आहोत हेच माहीत नसल्यावर ते काय सांगणार? डावी टाकी आधीच संपली होती. इंजिनाने आचके दिले तेव्हा मी ते उजव्या टाकीवर घेतलं होतं, आणि आता तिचाही काटा तळाला टेकला.

घाबरलो. आणि खरं सांगतो, घरच्यांच्याही आधी किसनमामांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. म्हटलं, केलं तसं भर आता.

तेवढ्यात आवाज आला. टक... टक... ठप्प. डाव्या पंखावरून.

कानांवर हेडसेट, समोर इंजिनाची घरघर. पंखावरची टकटक ऐकू येणं शक्यच नाही. पण मी तो आवाज ओळखला. उजवी टाकी संपून इंजिन धापा टाकायला लागलं तसं मी डाव्या टाकीवर घेतलं... आणि इंजिन चालू राहिलं. एक-दोन नाही, अठरा मिनिटं. धुळीतून देवगिरीचा किल्ला वर आलेला दिसला, मग रस्ता सापडला. चिकलठाण्याला उतरलो तेव्हा साडेचार वाजत आले होते. इंजिन बंद केलं आणि डाव्या टाकीत काठी घातली. काठी कोरडी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मुकुंदवाडीत मामांचं घर शोधत गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच. मामा आता वाळूजला रात्रपाळीची वॉचमनकी करतात. “या साहेब,” म्हणाले, जणू मी नेहमीच येतो. मी विचारलं, “मामा, काल चारच्या सुमाराला कुठं होता?”

“घरीच की. का हो?”

उत्तर मामींनी दिलं. “ड्रम वाजवत बसले होते. नळ आला नाय किती दिस. मी म्हणलं, अहो, सकाळीच खरवडून काढलंय पाणी. तर म्हणतेत, हाय अजून, आवाज भरीव येतोय. झाकण काढून पाहिलं तर टिपूस नाय.”

मामा ओशाळून हसले. “व्हय. लई वर्सं टाक्या वाजवल्या साहेब. आवाजात चुकलो ते एकदाच. काल.”

टोमणा नव्हता त्यात. जे होतं तेच सांगितलं त्यांनी. मामींनी शेजारून तांब्या भरून आणला, मला पाणी दिलं. ते मी प्यायलो. गेलो होतो माफी मागायला, आणि नुसतं “येतो” म्हणून उठलो.

मित्र म्हणतात, तळाशी थोडं तेल राहतंच. राहतं, पण अठरा मिनिटांचं नाही. आणि तो ड्रम? त्याचं काय? ती ओळ खोटी होती, हे मात्र परवा क्लबला लेखी दिलं. लायसन्स गेलं तर जाऊ दे.

मुकुंदवाडीला पुन्हा जायचं अजून राहिलंय. मामा शिव्या देतील याची भीती नाही. मी माफी मागेन आणि ते म्हणतील, “जाऊ द्या साहेब, पाणी घ्या,” याची आहे.